गच्चीचं कुलूप

गच्चीच्या दाराखालून पाणी जिन्यात उतरत होतं आणि सगळी बिल्डिंग पायजमे वर धरून दारादारात उभी होती. ज्या शहरात नळाला आठवड्यानं पाणी येतं, तिथं असं पाणी पायऱ्या उतरताना बघवत नाही. मोटर कोणी चालू केली, बंद कोण करणार होतं, यावर आरडाओरडा चालला होता. मोटरची जबाबदारी सगळ्यांकडं होती, म्हणजे कोणाकडंच नव्हती.

सगळ्यात वरच्या मजल्यावर सुलेखा आपल्या दारात गप्प उभी होती. बरं झालं, ती मनात म्हणाली. अजून येऊ दे.

परवापरवापर्यंत मोटरची आठवण कोणाला ठेवावी लागत नव्हती. तिचा सव्वीस वर्षांचा सम्यक रोज गच्चीवर जाऊन काळ्या टाकीला कान लावून उभा राहायचा. पाणी असो नसो. डॉक्टरांनी त्याला ऑटिझम म्हटलं होतं. सुलेखा म्हणायची, त्याला तिथं गार वाटतं. पाणी चढायला लागलं की तो दोन्ही हात झटकत डुलायचा, आणि टाकी काठोकाठ आली की वरूनच सांगायचा, "भरली." मग खाली कोणीतरी बटण बंद करायचं. त्याला कोणी कधी शाबास म्हटलं नाही, आणि त्याचं त्यावाचून काही अडलंही नाही.

मग समोरच्या मंजुषाताई म्हणाल्या, लेकीबाळी कपडे वाळत घालायला वर जातात, हा हात हलवत उभा असतो, भीती वाटते. सम्यकनं बिल्डिंगीतल्या कोणाच्या तोंडाकडं आजवर धड पाहिलेलंसुद्धा नाही. पण सेक्रेटरी राजेंद्रभाऊंनी गच्चीच्या लोखंडी दाराला कुलूप घातलं आणि घरोघरी एकेक किल्ली वाटली. एक घर सोडून. ते कोणतं, हे सांगायला नको.

तेव्हापासून तो रोज संध्याकाळी त्या बंद दाराला कान लावायचा आणि मनगट चावत खाली यायचा. मनगटावर घट्टा पडला होता. आल्यावर एकच विचारायचा, "आई, कुलूप कोणी लावलं?" उत्तर मिळेस्तोवर सम्यक प्रश्न सोडत नाही. "काढतील रे," ती म्हणायची. हे काही उत्तर नव्हे, हे त्याला कळायचं. तो पुन्हा विचारायचा. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून ती खिडक्या लावून घ्यायची.

मोटर एकदाची बंद झाली. राजेंद्रभाऊ टाकी बघून गच्चीवरून उतरले, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. सुलेखाच्या दारापाशी थांबून त्यांनी खिशातून किल्ली काढली.

"घ्या वहिनी. तुमची तेवढी राहून गेली होती."

"राहिली नव्हती भाऊ. दिली नव्हती."

"आता जुनं कशाला काढता? पाण्याच्या दिवशी पाठवत जा त्याला वर. त्याचा कान लई पक्का आहे."

"आणि बाकीच्या दिवशी?"

"बाकीच्या दिवशी वर काय काम त्याचं?"

याच किल्लीसाठी तिनं भाऊंच्या दारात किती चकरा मारल्या होत्या. आत्ता हात पुढं झालाही होता. तिनं तो मागं घेतला.

"तुमचं काय काम असतं हो वर? फोनवर बोलायलाच जाता ना? तो टाकीला कान लावायला जातो. माझा पोरगा म्हणजे तुमच्या टाकीची घंटा नाय."

"कोणी वाईट बोललं का त्याला?" समोरच्या दारातून मंजुषाताई म्हणाल्या. "आम्ही तर त्याच्या भल्याचंच बघतो. गच्चीवरून पडलाबिडला म्हणजे?"

"पडायची भीती होती व्हय? मला तर तुम्ही दुसरीच सांगितली होती. ठेवा ती किल्ली. कुलूप काढा."

आतून सम्यक आला. अनवाणी, बनियनवर. पाण्यात पाय पडले तसा थबकला, मग हसला. तिच्या अंगाला अंग न लावता बाजूनं निघून तो पायऱ्या चढू लागला. राजेंद्रभाऊ भिंतीला चिकटले. गच्चीचं दार सताड उघडं होतं, कुलूप कडीला लटकत होतं. तो आता धावत टाकीकडं जाणार असं सुलेखाला वाटलं. तो दारातच थांबला. कुलूप त्यानं हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि जिन्यातल्या माणसांकडं वळला. नजर कुलपावरच होती.

"कुलूप कोणी लावलं?"

खालच्या पायरीवर कोणीतरी खोकलं. राजेंद्रभाऊ ओल्या पँटीचा काठ पिळत राहिले.

"कुलूप कोणी लावलं?"

आवाज चढला तशी सगळी बिल्डिंग मान खाली घालून पाण्याकडं बघायला लागली. मंजुषाताईंनी दार हळूच पुढं ओढलं.

"वहिनी, त्याला जरा गप्प करा ना," राजेंद्रभाऊ म्हणाले.

सव्वीस वर्षं तिनं तेच केलं होतं. लग्नात, बसमध्ये, विहारात, दवाखान्याच्या रांगेत. सवयीनं तिचं बोट ओठावर गेलं. तिनं ते खाली घेतलं, पदर खोचला आणि त्याच ओल्या पायरीवर फतकल मारून बसली.

"विचार रे सम्या," ती म्हणाली. "आज सगळे घरीच आहेत."