ब्रेक नसलेली मोटरसायकल

"ब्रेक कुठाय याला?" हिम्मतराव वकील कडाडले.

त्यांची नात रेणू कॉम्प्युटरवर मोटरसायकलचा गेम खेळत होती. इंटरनेटवरचा, फुकटचा, जुन्या काळातला; ठोकळ्यांची माणसं, ठोकळ्यांचे ट्रक. गर्दीतून गाडी दामटायची. ट्रकला चाटून गेलं की जादा गुण, उलट्या बाजूनं घुसलं की दुप्पट. ब्रेक मात्र नव्हताच.

हिम्मतरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चाळीस वर्षं कोर्टात काढलेला माणूस. अफझलगंजच्या चौकात कुणी उलट्या बाजूनं आलं की हे रस्त्याच्या कडेला उभं राहून त्याला कलम ऐकवत. ऐकणारा केव्हाच पुढे गेलेला असे. वाहतुकीवर पेपरात इतकी पत्रं छापून आली होती की कात्रणांची फाईल मिटत नव्हती. आणि त्यांच्याच घरात कायदा मोडला म्हणून गुण मिळत होते! संताप येईल नाही तर काय?

"सिग्नल तोडलास! शाब्बास! आता त्या म्हातारीला उडव!"

"आजोबा, म्हातारी नाही ती. ड्रम आहे."

"ड्रम असो की म्हातारी! असल्या हौल्या, बिनडोक पोरांमुळेच शहराचा सत्यानाश झालाय. शिकायचं नाही, सवरायचं नाही, बसले गाडीवर! बंद कर ते."

"परेशान नका करू ना. एकच डाव."

खाली फाटकाशी नवी स्कूटर उभी होती. आज रेणूच्या नोकरीचा पहिला दिवस. तिच्या आईनं, रंजनानं, गाडीला हळदकुंकू लावून चाकांखाली लिंबं ठेवली होती. कोठी बाजाराच्या गर्दीतून पोरगी एकटी ऑफिसला जाणार, म्हणून शेजारीपाजारीही बघायला जमले होते. रंजनानं हाक मारली. रेणू उठली. तिच्या तळहातांना घाम सुटलेला हिम्मतरावांना आता दिसला.

"आजच्या दिवशी असला खेळ सुचतोच कसा तुला?"

"खेळ नाही, प्रॅक्टिस. खऱ्या गाडीचं हँडल मी अजून धरलेलं नाही, आजोबा."

"काहीतरीच काय! लायसन्स आहे तुझ्याकडे."

"आहे की," रेणू किल्ली उचलत म्हणाली. "वकिलाची नात टेस्टसाठी उन्हात उभी राहणार नाही, म्हणून तुम्हीच तर एजंटाकडून घरपोच मागवलंत."