सरळ केलेलं अक्षर

रोमानियात हुकूमशाही होती तेव्हा घरातला टाइपरायटरही दरवर्षी पोलीस ठाण्यात न्यावा लागे. तिथे टाइपाचा नमुना घेत, म्हणजे सरकारविरोधी पत्रक सापडलं की मशीन कोणाचं ते कळे.

आमच्या मशीनचा ‘आर’ वाकडा होता. गावभर सापडलेल्या पत्रकांतलाही तसाच, कारण ती आम्हीच टाइप केली होती. म्हणून ठाण्यात जायच्या आदल्या दिवशी नवऱ्याने पक्कड लावून तो सरळ केला. केवढे हुशार आम्ही!

ठाण्यात मी नमुना टाइप केला. अधिकाऱ्याने भिंग लावून पाहिला. “छान. एकही अक्षर वाकडं नाही.” माझा जीव भांड्यात पडला.

मग त्याने फायलीतून गेल्या वर्षीचा आमचाच नमुना काढून शेजारी ठेवला.

“बसा ना, बाई,” तो म्हणाला. “हा ‘आर’ सरळ कोणी केला, तेवढं सांगा.”