सावलीतल्या फोडी

दगानं कैरीची एक फोड उचलली, बोटांत दाबून पाहिली. "मावशी, आजून वलीच का?"

"वलीच शे," गजराबाई म्हणाली. "अशी बांधी तर बुरशी लागी जाई."

दगा म्हणजे गजराबाईच्या लेकीचा, प्रमिलेचा थोरला दीर. आखाजीच्या सणाला माहेरी आलेल्या प्रमिलेला न्यायला तो तापीपलीकडून गाडी घेऊन प्रकाशा गावी आला होता. सासूनं बजावलं होतं, तुमच्या झाडाचं आमचूर घेतल्याशिवाय सुनेनं परत येऊ नये. तेवढा एक निरोप गजराबाईच्या कामी आला.

"उन्हमां टाका ना. एक दिनमां वाळी जाई."

"उन्हमां काळी पडस, चव जास. सावलीमां वाळेल वरीसभर टिकस."

खोटं नव्हतं ते. पण फोडी तिनं मागच्या अंधाऱ्या खोलीत पसरल्या होत्या आणि दार लावून घेतलं होतं. वारासुद्धा लागू नये म्हणून.

प्रमिलेला न्हाऊ घालताना पाठीवरचे वळ दिसले होते. काही जुने, काही ताजे. विचारलं तर पोरीनं नुसता पदर ओढून घेतला. गजराबाईनं नवऱ्याला सांगितलं. पितांबर दोर वळत बसला होता. त्यानं मान वर केली नाही. "इवाईले शब्द देल शे. धाडनंच पडी," व्याह्यांचं नाव पुढं करून म्हणाला आणि शेताकडे निघून गेला. त्यानंतर ती त्याच्याशी बोललीच नाही.

दार लावून वैशाख थोडाच बाहेर राहतो? रोज सकाळी गजराबाई फोड चाचपायची. रोज ओल थोडी कमी लागायची. शेवटी एके दिवशी फोड हातात कटकन मोडली. दारात उभ्या दगानं तो आवाज ऐकला.

"चला, जुपस गाडी," तो म्हणाला आणि बाहेर बैलांकडे गेला.

प्रमिला लुगड्यांच्या घड्या घालू लागली. गजराबाईनं फडकं अंथरलं. मूठमूठ करून फोडी त्यावर टाकल्या. गाठ मारायची तेवढी राहिली.

तेवढ्यात पितांबर आत आला. जन्मात कधी पाणी न भरलेल्या त्या माणसाच्या खांद्यावर भरलेली घागर होती. तो फडक्याशी थांबला, गजराबाईकडे पाहिलं आणि अख्खी घागर फोडींवर ओतली.

मग दाराकडे वळून म्हणाला, "दगा, बैल सोड. घागर सटकी गई. आते परत वाळाडनं पडी."