गेटबाहेरचा डाग

दर रविवारी सकाळी मिरजोळ्यातल्या सम्यक आणि त्याची बायको नम्रता यांच्या घराच्या गेटबाहेर इंजिन ऑइलचा ताजा डाग पडलेला असायचा. सम्यकचं स्वतःचं गॅरेज, त्यामुळे त्याला चैन पडेना. ऑइल आपल्याच बाइकमधून गळतंय का हे कळावं म्हणून त्याने तिचं इंजिन पुसून त्यावर पावडर मारली आणि गाडी फिरवून आणली. पावडर कोरडीच राहिली. शेजाऱ्यांची गाडीही त्याने वाकून बघितली, तीही साफ.

पुढच्या रविवारी नम्रता तान्ह्या लेकीला घेऊन उजाडताच खिडकीशी बसली. एक जुनी स्कूटर येऊन गेटसमोर थांबली. तिच्यावरचा माणूस उतरला नाही, नुसता घराकडे बघत राहिला. ते तिचे वडील होते. तिने सम्यकशी लग्न केल्यापासून त्यांनी तिच्याशी अबोला धरला होता.

नम्रता लेकीला कडेवर घेऊन बाहेर गेली. "बाबा, तुमच्या गाडीचं ऑइल गळतंय."

"माहितेय गो," ते नजर न उचलता म्हणाले. "आमच्या लांज्यात कुणा मेकॅनिकला सापडत नाही, कुठून गळतं ते."

तोवर सम्यक पाना घेऊन बाहेर आला होता. नम्रताने लेकीला वडिलांच्या हातात दिलं.

"हिला धरा जरा. त्याला वेळ लागेल."