पिंपातलं इंजिन

"बाबलकाका, मुहूर्त टळेल हो!" काठावरून नवरदेव ओरडला. पलीकडच्या तीरावर सनई सुरू झाली होती.

मालवणचा बाबल नाव चालवायला तापोळ्याच्या तलावावर आला, पण खाऱ्या पाण्याची सवय काही सुटली नव्हती. रोज संध्याकाळी नावेचं इंजिन काढून, गोड्या पाण्याच्या पिंपात चालवून तो त्यातलं नसलेलं मीठ धुवायचा. काल थंडीने काकडला आणि इंजिन पिंपातच सोडून घोंगडीत शिरला.

आज पिंपातलं पाणी गोठून दगड झालेलं. "आता चालू करतंय बघा!" म्हणत त्याने दोरी ओढली. पंखा बर्फात गच्च, मग पिंपच गरागरा फिरलं आणि इंजिनाला बिलगलेल्या बाबलसकट तलावात उतरून थेट पलीकडे लागलं.

डोळे उघडले तेव्हा नवरीची आई त्याला ओवाळत होती. 

मागून मावशी कुजबुजली, "फोटोत तरुण दिसत होते, नाही?"