चाचणीतला हसीब

दारात उभ्या माणसाने डोक्याचा रुमाल सोडला, मोबाईल पुढे केला आणि विचारलं, “हसीब नावाचा पेशंट इथंच आहे ना?”

सादियाने मोबाईलवरचा निरोप पाहिला. सकाळपासून ती ज्याला फोन लावत होती तोच हा, धुळ्याचा जीवराम. बाकीचे घरीच सापडले. हा मोटारसायकलवर, फोन खिशात; भर उन्हात सरळ जळगावला येऊन थडकला होता.

आता पेशंट कुठून आणायचा? ते काही हॉस्पिटल नव्हतं. बॅटरीच्या दुकानावरच्या दोन खोल्या, पाच-सहा कॉम्प्युटर, आणि रक्तदात्यांना निरोप पाठवणारं एक ॲप. त्यात काही नवं घातलं की लोकांपर्यंत जाण्याआधी सादियाने ते तपासायचं. क्लाउडवर, म्हणजे मुंबईत कुठंतरी भाड्याच्या मशीनवर, अख्ख्या ॲपची नक्कल उभी करायची, खोटा पेशंट भरती करायचा, खोटा निरोप सोडायचा आणि काम झालं की सगळं मोडून टाकायचं. रोज नवी मशीन. त्या मशीनला आदल्या दिवशीचं काही आठवत नाही. घोळ झाला तो तिथंच. निरोप बाहेर जाऊ नयेत म्हणून जे बंद करायचं असतं, ते कालच्या मशीनवर केलं होतं. आजच्या मशीनवर राहून गेलं. दात्यांची यादी मात्र खरी उतरवलेली, कारण खोटे नंबर भरत बसायचा कंटाळा सगळ्यांनाच. मग काय, ओ निगेटिव्हवाल्या सगळ्यांच्या खिशात एकदमच वाजलं: हसीब, वय बावीस, रक्त तातडीने हवे. पत्त्याची जागा रिकामी चालत नाही, म्हणून तिथं ऑफिसचाच पत्ता.

खोट्या पेशंटला प्रत्येक जण आपल्या मनाचं नाव देतो. कुणी नटाचं देतं, कुणी क्रिकेटवाल्याचं. सादिया धाकट्या भावाचं द्यायची. हसीबला जाऊन दोन वर्षं झाली. वेळेवर रक्त मिळालं नाही म्हणून गेला. यादीतल्या एकानेही तेव्हा फोन उचलला नव्हता. चाचणीत मात्र तो रोज भरती व्हायचा, रोज त्याला रक्त मिळायचं, रोज बरा होऊन घरी जायचा. वेडेपणाच म्हणा. अम्मीलाही न सांगता तिने तो जपला होता.

आता तो अंगाशी आला. सकाळपासून तिने एकेकाला खरं सांगून माफी मागितली, तर कित्येकांनी नावच काढायला लावलं. आम्हाला काय रिकामटेकडं समजता, असंही एक जण म्हणाला. ओ निगेटिव्हची माणसं आधीच बोटांवर मोजण्याइतकी. त्यातली निम्मी गेली. मालकीणबाई चारुलता मॅडम चिडल्या नाहीत. आणखी एकही नाव गळता कामा नये, एवढंच त्यांनी बजावलं. सादियाला ते सांगायला नको होतं. एक नाव म्हणजे काय, हे त्या ऑफिसात तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

जीवराम घाईघाईने सांगत होता. घरी मुलीला बघायला पाहुणे आलेले. जेवणं व्हायची होती, तेवढ्यात निरोप आला. पाहुणे भले, म्हणाले, तुम्ही जा, माणूस वाचवा, बोलणी काय, पुन्हाही होतील. तो तसाच उठून निघाला.

“कुठल्या दवाखान्यात ठेवलंय त्याला? चला, चला,” म्हणत तो शर्टाची बाही वर सारायला लागला.

सादियाने तोंड उघडलं ते खरं सांगायलाच. भाऊ, ही नुसती चाचणी होती, इतकंच तर म्हणायचं होतं. निघालं ते दुसरंच.

“तो गेला, भाऊ.”

चारुलता मॅडमनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

जीवराम खुर्चीत बसला. त्याने विचारलं, तुमचा कोण होता? धाकटा भाऊ, ती म्हणाली, आणि दोन वर्षं दाबून ठेवलेलं रडू तिला तिथंच फुटलं. त्या रडण्यात तसूभरही खोट नव्हती, म्हणून तर तो बिचारा पुरता फसला.

इतका वेळ तो ऑफिसात बोलतात तसं बोलत होता. आता त्याच्या तोंडून घरची अहिराणी आली.

“मी एरंडोलले जेवाले थांबनू, ताई. उपाशी पोटे रगत देता येत नई म्हनीसन.”

तुमचा काही दोष नाही, हे तिच्या अगदी जिभेवर आलं. पण ते म्हटलं की पुढचंही सगळं सांगावं लागणार होतं. आणखी एक नाव गळलं असतं म्हणून तिने नुसते डोळे पुसले. स्वतःची तिला इतकी किळस कधी आली नव्हती.

त्याने बाही खाली केली, बटण लावलं. माझा फोन लागला नाही तर बायकोचा लावा, म्हणून तिचाही नंबर यादीत घालायला लावला. जाताना सादियाच्या डोक्यावर हात ठेवला.

“पुढल्या टाइमले उपाशीच येसू.”