गुरुवारचा पंप

फोन यायला थोडा वेळ होता. विमलताईंनी नवऱ्याचा, भगवानरावांचा, फवारणीचा पंप ओसरीवर आणला, पकडीने पितळी नट थोडा ढिला केला आणि टाकीत साधं पाणी ओतलं. दांडा मारून पाहिला. नळीच्या तोंडाशी थेंब जमला आणि खाली पडला. एवढं पुरे होतं.

मागच्या गुरुवारी त्यांनी आतला वायसर उलटा बसवला होता. त्याच्या आधी दांड्याची पिन सैल केली होती. दर आठवड्याला नवी खोड शोधावी लागे. त्याचं त्यांना फारसं वाईट वाटत नसे. बाभुळगावात नर्स म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली होती, आणि कडू औषध काहीबाही सांगून पाजावं लागतं हे त्या तिथंच शिकल्या होत्या.

हे काम त्यांना एका क्लबाने दिलं होतं, आणि क्लब निकिता नावाच्या मुलीचा होता. तो फोनवरच भरायचा. वकील, मास्तर, गुरांचे डॉक्टर, शिंपी, असे जिल्हाभरातले लोक त्यात होते. नियम एकच, ज्याला जे काम येतं त्याने त्यातूनच सेवा करायची. "अन् तू काय करतं वो?" असं कोणी चिडवलं तर निकिता म्हणे, "मी फक्त फोन जोडून देते."

तिने विमलताईंना अब्दुल गनी जोडून दिले होते. पांढरकवड्यात त्यांचं पंप दुरुस्तीचं दुकान. बायको जुबैदा वारल्यापासून शटर खाली होतं. पुसदला दिलेली मुलगी फरहा निकिताजवळ रडली होती. अब्बा जेवत नाहीत, डॉक्टरकडे येत नाहीत, असंच चाललं तर उन्हाळा काढणार नाहीत. तब्येत विचारणाऱ्याचा फोन ते ठेवून देत. बिघडलेल्या पंपाचा मात्र ठेवत नसत. गेल्या साली कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन जिल्ह्यात माणसं गेली होती. तेव्हापासून पाठीवर गळणारा पंप म्हटला की गनीभाई अंथरुणातून उठून बसत.

फोन वाजला. पडद्यावर पांढरी दाढी आली.

"बोला ताई. आज काहून रडून राह्यला तुमचा पंप?"

"नळीपाशी गळून राह्यला, भाऊ."

"मागं दांडा, मंग वायसर, आता नळी. पंप हाय का जावई?"

विमलताई हसल्या, पण नजर गनीभाईंच्या ओठांवर होती. ओठ आज कोरडे दिसत नव्हते.

"वायसर कसा पाह्यजे, दाखवा बरं," त्या म्हणाल्या. "जवळ धरा."

गनीभाईंनी काळा वायसर कॅमेऱ्यापुढे धरला. मागच्या महिन्यात त्यांची बोटं थरथरत होती. आज नव्हती.

"जेवले का?"

"जेवीन."

"मले पाणी भराले वेळ लागते. तवर माह्यासमोरच जेवून घ्या."

"पंप दुरुस्त कराले बसलो का पंगतीले?" असं म्हणत त्यांनी ताट ओढलं. विमलताई भरलेली बादली पुन्हा उगाच भरत राहिल्या. त्यांनी घास मोजले नाहीत, पण ताट रिकामं झालेलं पाहिलं.

"नट आवळाले ताकद लागते, ताई. भगवानरावले द्या."

"ते रानात गेले."

"दर खेपेस रानातच असते मालक."

"बोंडअळी हाय, भाऊ. घरी बसून कसं जमन? येतीलच आता."

गनीभाई पडद्याजवळ वाकले. मग म्हणाले, "ओसरीत अंधार हाय. मले नट दिसून नाही राह्यला. फाटकाबाहेर आणा पंप, उजेडात."

"इथंच दिसते की."

"मिस्त्री मी हाय का तुम्ही?"

विमलताईंनी पदर नीट केला आणि पंप उचलून फाटकाबाहेर नेला. समोरच्या ओट्यावर पंचफुला तूर निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"बाई, किती दिवसानं बाहेर दिसल्या तुम्ही. बसा ना घडीभर."

"फोन चालू हाय, पंचफुला."

"मंग फोन झाल्यावर बसा."

गनीभाईंनी नट दाखवायला सांगितला. खूप वेळ त्याच्याकडे पाहिलं. टाकीचं तोंड दाखवायला सांगितलं, पाठीवरचे पट्टे दाखवायला सांगितले. मग म्हणाले, "आवळा. अजून जरासा. आता मारा दांडा."

थेंब पडला नाही.

"पुढच्या गुरुवारी पुन्हा पाहू," गनीभाई म्हणाले. "या पंपाचा काही भरवसा नाही."

विमलताईंना हेच हवं होतं. फोन ठेवल्यावर त्या पंचफुलाच्या ओट्यावर बसल्या. चार शब्द बोलल्या, चहा घेतला. घरी येऊन त्यांनी निकिताला कळवलं, "आज ताट साफ केलं त्यांनी. मागं शटर अर्धं उघडं दिसलं. अजून काही दिवस मले पंप बिघडवू दे."

"बिघडवा ना, ताई," निकिता म्हणाली.

विमलताईंनी दोघांच्या भाकरी टाकल्या. भगवानरावांच्या टोपल्यात झाकून ठेवल्या आणि जेवायला बसल्या.

त्याच वेळी निकिताने पांढरकवड्याला फोन लावला होता.

"चाचा, एका पंपामागं किती दिवस घालवता? विमलताईंकडचं काम बंद करू का?"

"नको बेटा," अब्दुल गनी म्हणाले. "पंपाले पयल्या दिवसापासून काहीच झालं नाही. नटावर दर हप्त्याले पकडीचा नवा ओरखडा दिसते. टाकीत सालभरापासून दवाईचा थेंब नाही, पट्ट्यावर घामाचा डाग नाही. मी काही बोललो नाही. आज फाटकाबाहेर आणलं ताईले, पुढच्या गुरुवारी चौकापर्यंत आणतो. तूच सांगितलं होतं ना, भगवानराव मागच्या सालच्या फवारणीतच वारले म्हणून. ताई अजून मले म्हणते, रानात गेले, येतीलच आता."